पहिली पाच चुकवायची

तुम्ही सव्वीस लेकरांच्या नावापुढं उणे लिहिलंत, साहेब, आणि त्यातल्या एकाचंही तोंड तुम्ही बघितलेलं नव्हतं. शाळेची पायरी चढला नाहीत. एका पोराला उभं करून 'बाळा, वाचून दाखव' म्हणाला नाहीत. पडद्यावरची लाल रेघ खाली गेलेली दिसली, तेवढ्यावर तुम्ही ठरवलंत की कारंडेवस्तीचं हंगामी वसतिगृह बिनकामाचं आहे. अठ्ठावीस फेब्रुवारीला ते बंद करायचं. पत्राखाली नाव नाही, नुसती सही, तीही कोंबडीनं उकिरडा उकरावा तशी.

पत्र आलं तेव्हा रंगुबाई शाळेमागच्या पत्र्याच्या शेडात भाकरीचं पीठ मळत होती. साठी ओलांडलेली, कपाळावर गोंदण, निम्मं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलेलं. अक्षरओळख अंगठ्यापुरती. वसतिगृहातल्या पोरांचा स्वयंपाक ती करायची आणि वस्तीतल्या दोन बायका तिच्या हाताखाली असायच्या.

विजयमाला बाई पत्र घेऊन दारात उभ्या राहिल्या. सांगलीच्या बाई, आटपाडीच्या पूर्वेच्या या माळावर सहा वर्षं शिकवत होत्या.

"मावशी, वाचून दाखवू?"

"वाचा की. हात पिठात हायती, कान मोकळं हायती."

बाईंनी वाचलं. निवासी विद्यार्थ्यांची सरासरी वाढ, उणे अकरा. रोज घरून येणाऱ्या विद्यार्थ्यांची, अधिक नऊ. सबब निवासी सुविधेचा शैक्षणिक लाभ सिद्ध होत नाही.

"उणे म्हंजी?"

"जुलैत होती त्याच्या खाली गेली."

"पोरं? खाली?" रंगुबाईनं पिठाचा गोळा परातीत आपटला. "आवं बाई, पोरगं फार तर शिकायचं थांबंल. खाली कसं जाईल? पडलेलं दुधाचं दात परत उगवत्यात व्हय?"

बाईंनी पत्राची घडी घातली, परत उलगडली, परत घातली.

हे वसतिगृह म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पत्र लिहिणाऱ्याला ते माहीत असल्याची खूण पत्रात कुठंच नव्हती. दिवाळी झाली की या माळावर चारा संपतो. धनगरांचे कळप पश्चिमेला निघतात, फलटण, कराडकडच्या पाण्याच्या मुलखात, आणि रानोरान बसत बसत उन्हाळ्याच्या शेवटाला परत येतात. पूर्वी पोरंही जायची. सहा महिने शाळा नाही, मग पुढच्या वर्षी तोच वर्ग, मग शाळाच नाही. आता आई-बाप जातात आणि पोरं शाळेतच राहतात, तिथंच जेवतात, तिथंच झोपतात. रंगुबाईचा मुलगा तात्याबा आणि सून तीनशे मेंढरं घेऊन फलटणकडं होते. त्यांची पोरगी सृष्टी, पाचवीतली, इथं होती. तिला ठेवून घ्यायला रंगुबाईनं पोराशी दिवाळीत आठ दिवस भांडण केलं होतं.

आणि चाचणी म्हणजे काय, तर टॅबवरची. तिला 'वाढरेषा' असं गोंडस नाव होतं. सगळ्यांना एकच पेपर नाही. बरोबर उत्तर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की पुढचा सोपा. असं वरखाली करत यंत्र पोराची पायरी शोधतं. जुलैत एकदा, जानेवारीत एकदा, एप्रिलात एकदा. दोन वेळांमधला फरक म्हणजे पोराची वाढ. कल्पना वाईट नव्हती. पोराला शेजारच्या पोराशी न लावता त्याच्याच कालच्या जागेशी लावून बघायचं, यात वाईट ते काय? पण तराजू चांगला असून भागत नाही. तोलणाऱ्यानं मान वर करून बघावं लागतं.

त्याच दिवशी दुपारी तात्याबाचा फोन आला. बाईंनी सगळ्या पालकांना कळवलं होतं, नियमच तसा.

"आये, ऐकलं म्या समदं," तो म्हणाला. मागं मेंढरांचा कालवा चालला होता. "अठ्ठावीसला आपल्या पावण्याचा ट्येम्पो हिकडं येनार हाय. सृष्टीला बशीव त्यात."

"बशीवती. तुज्या म्हननं बशीवती."

"मग काय करू? मेंढ्या व्यायला लागल्यात. कोकरं सांबाळायला हात न्हाईत. परवा लांडग्यानं एक उचललं. तू म्हनलीस ऱ्हाऊ दे, ऱ्हायली. आता सरकारच म्हनतंय पोरगी खाली गेली. मग हितं काय वाईट हाय? हितं निदान चालून पाय तरी घट्ट हुतील."

रंगुबाईनं फोन या कानाचा त्या कानाला लावला. भांडायला बळ लागतं आणि ते बळ त्या पत्रानं काढून घेतलं होतं.

"बरं, ती हाय का तितं?" तात्याबा म्हणाला. "बाटलीचा फोटू धाडलाय तिला. जंताचं औशीद हाय. किती पाजायचं तेवढं इचार."

सृष्टी फोनकडं धावली. काच तडकलेला फोन डोळ्यांजवळ धरून तिनं बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. "आप्पा, दहा किलोला दोन मिली लिवलंय. मोठी मेंढी किती किलोची आसंल?"

"पंचवीस धर."

"मग पाच मिली. आनि कोकरू?"

"सात, साडेसात."

"दीड. दीडच्या वर द्यायचं न्हाई. आनि गाभन मेंढीला पयल्या म्हयन्यात देऊ नका, खाली लिवलंय."

"बरं झालं बाई इचारलं. त्या नव्या गाभन दोगींना आता देनार हुतो."

फोन बंद झाला.  पोरीनं बोटंसुद्धा मोजली नव्हती. गेल्या पावसाळ्यात हीच पोरगी औषधाची बाटली वाचून घ्यायला बाईंकडं पळायची. आणि ही खाली गेली म्हणे. रंगुबाईच्या मनात पहिल्यांदा आलं, की खोटं कोण बोलतंय? पोरगी तर नाही. मग यंत्र? पण यंत्राला खोटं बोलून काय मिळणार?

संध्याकाळी पोरं पंगतीला बसली. रंगुबाईनं आमटीचं पातेलं खाली ठेवलं आणि सरळ विचारलं.

"सृष्टे, जानेवारीत त्या टॅबवर काय केलंस गं?"

सृष्टी हसली. अगदी मोठं काम करून आल्यासारखी. "पहिली पाच चुकवली."

"काय केलंस?"

"आमी समद्यांनी चुकवली. ठरवून. म्या सांगितलं हुतं समद्यांना, हितंच, जेवताना." पंगतीतल्या दोन-चार माना हलल्या. "जुलैत म्या बगितलं हुतं, चुकलं की त्ये सोपं देतंय. आनि पयलाच प्रश्न आवघड आला की भ्या वाटतंय. शिवांजली तर रडली हुती तवा. मग आधी पाच चुकवायची, सोपं आलं की त्यावर पोट भरायचं, आनि मग हळूहळू आवघडात शिरायचं. पन आमी आवघडात जायच्या आतच त्ये बंद पडलं. 'धन्यवाद' म्हनलं आनि बंद."

"आनि ही अक्कल तुला दिली कुनी?"

सृष्टीला प्रश्नच कळला नाही. "तूच की, आज्जी. आदल्या दिवशी तूच म्हनलीस की. उपाशी मेंढरू एकदम हिरव्यात घालत्यात का? पोट फुगून मरतंय. आधी वाळकं चारायचं, मग हिरव्याच्या कडंला, मग आत."

रंगुबाईनं हातातली पळी पातेल्यात सोडली.

हो, म्हटलं होतं तिनं. पोरं दुसऱ्या दिवशीच्या चाचणीला भेदरली होती, तेव्हा धीर द्यायला म्हटलं होतं. चाळीस वर्षं ती हेच करत आली होती. कुठल्याही नव्या रानात कळप असाच उतरवायचा. जो धनगर हे विसरतो त्याची सकाळी दहा मेंढरं पोट फुगून आडवी असतात. यात चूक काहीच नव्हती. फक्त टॅब म्हणजे रान नव्हतं.

त्यातली मेख अशी, की घरून येणारी पोरं त्या पंगतीला नव्हती. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. ती सरळ चाचणीला बसली आणि त्यांची वाढ दिसली. वसतिगृहातली पोरं ठरवून चुकली आणि खाली दिसली. कागदावर बघणाऱ्याला वाटणार, वसतिगृहातच काहीतरी किडकं आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

रंगुबाई जेवली नाही. पोरांची ताटं उचलली आणि पदर खोचून बाईंच्या खोलीकडं गेली. शाळेच्या कडेलाच त्यांची खोली. बाई वह्या तपासत होत्या, पण लाल पेन हातात तसंच होतं.

"बाई, तुमचं काय चुकलेलं न्हाई. पत्र माज्या नावानं यायला पायजे हुतं."

"म्हणजे?"

तिनं सगळं सांगितलं. मेंढरू, हिरवं, वाळकं, पाच चुका. बाई ऐकत राहिल्या. मग हसायला लागल्या, तोंडावर हात धरून, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

"पत्र वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही माझा, मावशी. मला वाटलं मीच कुठं कमी पडले. ह्यांचे आई-बाप नाहीत जवळ, माझ्या भरवशावर ठेवलेली पोरं, आणि मी त्यांना मागं नेलं."

"आता हसू नका. काय करायचं त्ये सांगा."

"सांगलीला जायचं."

दोघी शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं निघाल्या. शाळा दुसऱ्या गुरुजींवर सोडली. सांगलीत ज्या कक्षातून पत्र आलं होतं त्याची इमारत नवी होती, भिंतीला हसऱ्या पोरांचे फोटो. एवढी गोरीगोमटी पोरं आटपाडी तालुक्यात तरी रंगुबाईनं कधी बघितली नव्हती. पत्रावर सही करणाऱ्या साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. माणूस उद्धट नव्हता. उद्धट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

"मॅडम, मुलांनी मुद्दाम चुकवलं हे तुम्ही म्हणता. प्रत्येक शाळा काहीतरी म्हणते. लाइट गेली, टॅब अडकला, पोरं आजारी होती. जानेवारीची नोंद बंद झाली. पुढची चाचणी एप्रिलमध्ये. तेव्हा सुधारणा दिसली तर पुढच्या वर्षी प्रस्ताव द्या."

"एप्रिलात पोरं मेंढरामागं असतील, साहेब," रंगुबाई म्हणाली. "त्यांची परीक्षा काय कोकरं घेनार?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. भेट संपली.

बाहेर व्हरांड्यात पाण्याच्या टाकीजवळ एक माणूस त्यांच्या मागून आला. चाळिशीचा, टक्कल पडलेला, गळ्यात ओळखपत्र. नाव अमृत, गाव शिराळ्याकडचं. अकरा महिन्यांच्या करारावर नववं वर्ष चाललेलं. आकडे गोळा करून साहेबांच्या पडद्यावर चढवायचं त्याचं काम.

"आजी, आत बोललात ते ऐकलं मी. पहिली पाच चुकवली म्हणालात?"

"मोजून पाच."

"या इकडं."

त्याच्या टेबलावर त्यानं कारंडेवस्ती काढली. लाल रेघेच्या आत आणखी एक यादी होती, प्रत्येक पोराचं प्रत्येक उत्तर, एकाखाली एक. त्यानं बोट ठेवून खाली सरकवायला सुरुवात केली. चूक, चूक, चूक, चूक, चूक. आणि मग बरोबर, बरोबर, बरोबर, शेवटपर्यंत. अठराव्या प्रश्नाला चाचणी बंद. दुसरं पोरगं, तसंच. तिसरं, तसंच. पहिल्या पाच चुका तर सव्वीसच्या सव्वीस जणांच्या.

"यंत्र पाच चुकांत तळाला गेलं," अमृत म्हणाला. "आणि वर चढायला प्रश्न पुरले नाहीत. त्याला वाटलं, हीच ह्यांची जागा."

"आमी वाळक्यातच हुतो आनि दिस मावळला," रंगुबाई म्हणाली.

अमृतनं टकलावरून हात फिरवला. "ही यादी जानेवारीपासून माझ्याकडं आहे, आजी. मी उघडली नाही. मला कुणी उघडायला सांगितली नाही, असं मी आता म्हणू शकतो. पण माझी पोरगी असती ना ह्या यादीत, तर मी उघडली असती."

खरं बोलणारा माणूस भेटला की अर्धं काम झालं, असं रंगुबाईला वाटलं. बाईंना मात्र त्यानं वेगळंच दाखवलं. शाळेच्या टॅबवर डाव्या कोपऱ्यात 'सराव फेरी' नावाचं बटण असतं. प्रश्न त्याच साठ्यातले, फक्त निकाल अहवालात जात नाही.

"ते मी कधी दाबलंच नाही," बाई म्हणाल्या.

"कुणीच दाबत नाही. अहवालात जात नाही ना. रविवारी मी येतो. माझ्यादेखत घ्या."

रविवारी तो आला, एसटी बदलत, उन्हानं लाल होऊन. रंगुबाईनं त्याला आधी भाकरी वाढली आणि मग पोरांना वर्गात बसवलं. बाई बोलणार होत्या, पण रंगुबाई पुढं झाली.

"ऐका रं. म्या सांगितलं त्ये मेंढराचं हुतं. चुकलं माजं. ह्यो टॅब म्हंजी नवा मेंढका समजा, कळप राखाय आलेला. त्याला बगायचंय तुमी कुठवर चालू शकता. तुमी उगं लंगडल्याचं सोंग केलं, तर त्यो तुमाला लंगड्यातच बांधनार. मग बोंबलू नका. पुढ्यात येईल त्ये खायाचं. कळलं?"

"आनि पोट फुगलं तर?" मागून कुणीतरी म्हणालं.

"मी हाय की हितं. दाबून काढीन."

वर्ग हसला. मग सगळीकडं शांत झालं, फक्त पडद्यावर बोटांची टकटक. रंगुबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी. तिला वाचता येत नव्हतं, पण तोंडं वाचता येत होती. कुणाच्या कपाळाला आठी पडतेय, कुणाचा ओठ दातात गेलाय, कोण बोटांवर मोजून परत मान खाली घालतंय. जानेवारीत ती चुलीपाशी होती. तिला वाटलं, हे तेव्हा कुणीतरी बघायला हवं होतं. एवढं काही अवघड नव्हतं.

सृष्टीचा टॅब सगळ्यात शेवटी बंद झाला. ती बाहेर आली ती तोंड पाडून.

"शेवटची तीन गेली, आज्जी. त्यात काय लिवलंय त्येच कळंना. आमाला शिकवलंच न्हाई त्ये."

अमृत तिथंच होता. "जायलाच पाहिजेत. ते सातवीचे प्रश्न होते, बाळ. तुला येईनासं होईपर्यंत ते वर जातं. तुला येईनासं झालं की त्याला कळतं तू कुठं उभी आहेस."

सृष्टीला ते फारसं पटलं नाही. चुकून शाबासकी मिळते हे पटायला वेळ लागतो.

निकाल संध्याकाळच्या आत आला. एकवीस पोरं जुलैच्या वर. त्यातली सहा तर एवढी वर की अमृतनं चष्मा पुसून परत बघितलं. सरासरी अधिक चौदा, घरून येणाऱ्यांच्याही पुढं. बाईंनी टाळी वाजवली.

"सव्वीसातली एकवीस," रंगुबाई म्हणाली. "पाच कुठं गेली?"

बाईंची टाळी थांबली. चार पोरं होती तिथंच होती. आणि तिसरीतली शिवांजली खरोखरच खाली गेली होती.

"तिनं परत सोंग केलं काय?"

अमृतनं तिची उत्तरं उघडली. आकड्यांची बरोबर, चित्रांची बरोबर, आणि जिथं दोन ओळी वाचायच्या होत्या तिथं सगळी चूक. बाईंनी शिवांजलीला जवळ घेतलं, पुस्तक पुढं धरलं. पोरीनं धडा घडाघडा म्हटला. बाईंनी मधल्याच एका ओळीवर बोट ठेवून 'हे वाच' म्हटलं, तेव्हा पोरगी गप्प झाली. तिला वाचता येत नव्हतं. सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून ती धडे पाठ करत होती आणि सात महिने कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. बाईंच्यासुद्धा.

बाई खाली बसल्या. "हे जानेवारीतच कळलं असतं," त्या म्हणाल्या. "पोरांनी सोंग केलं नसतं, तर ह्या टॅबनं तेव्हाच दाखवलं असतं मला."

"आता दावलंय न्हवं? मग आता बगा," रंगुबाई म्हणाली. तिला यंत्राचा राग राहिला नाही. लंगडं मेंढरू दाखवणारं कुत्रं असतं, तसं ते होतं. कुत्रं भुंकतं. उठून बघायचं काम धनगराचं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की बाई त्या पाचांना घेऊन बसायला लागल्या. शिवांजलीला रंगुबाईनं चुलीपाशी बसवलं. डब्यावरचं, पुड्यावरचं, पिठाच्या पोत्यावरचं, जे हातात येईल ते वाच. पोरगी म्हणायची, आज्जी, बरोबर हाय का? आणि रंगुबाई म्हणायची, मला काय म्हाईत, मला वाचाय येत न्हाई, तूच सांग. दहाव्या दिवशी शिवांजलीनं एक पुडा हातात घेतला, अक्षरावर अक्षर ठेवत 'खाण्याचे मीठ' वाचलं, आणि मग खात्री करायला बोटानं चाखून बघितलं.

तात्याबाला रंगुबाईनं फोन केला. निकालाचा आकडा सांगितला. 

"सातवीच्या प्रश्नापतुर गेली म्हनतीस?"

"तीन चुकली. बाकीची आली."

"मला पाचवीचंबी येत नव्हतं." मागं कोकरं ओरडत होती. "पन आये, पत्र तर तसंच हाय न्हवं? वसतिगृहाला कुलूप लागलं तर ती ऱ्हानार कुठं? तुज्या खोपटात? आनि बाकीची पंचवीस?"

"म्हनून तर चाललीया परत."

"बरं. ट्येम्पोवाल्याला सांगून ठेवतो. तुजा फोन आला तरच थांब, न्हाईतर जा, म्हनून."

सव्वीस तारखेला दोघी परत त्या इमारतीत गेल्या. बाईंच्या पिशवीत दोन याद्या होत्या, जानेवारीची आणि रविवारची, दोन्ही अमृतनं छापून दिलेल्या, सहीसकट. करारावरच्या माणसानं सही करायला काळीज लागतं. त्यानं केली होती.

साहेबांनी परत खुर्ची दिली. परत चहा मागवला. रंगुबाई बसली नाही.

"सराव फेरीचा निकाल ग्राह्य धरता येत नाही, मॅडम," साहेब म्हणाले. "मला तुमची तळमळ कळते. पण माझ्यापुढं एकशे चाळीस शाळा आहेत. एकेका मुलाचं एकेक उत्तर बघत बसलो तर..."

"साहेब, आमची तीनशे मेंढरं हायत," रंगुबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "माज्या पोराला शाळा न्हाई, पंखा न्हाई, खुर्ची न्हाई. एक मेंढरू लंगडाय लागलं तर त्यो त्याचा पाय उचलून बगतो. काटा हाय का, खूर कुजलाय का, का उगंच सोंग करतंय. कळप इकून टाकत न्हाई. तुमी तर नुसतं बसून बगायचं, त्येबी कुनीतरी छापून आनून दिलेलं."

 साहेबांनी चष्मा लावला. पहिली यादी पुढं ओढली. बोट वरून खाली सरकलं, मग दुसऱ्या पोराच्या ओळीवर, मग तिसऱ्या. दहाव्या-अकराव्या नावाला बोट थांबलं. त्यांनी पहिल्या पाच रकान्यांवर पेन्सिलीनं उभी रेघ मारली, वरपासून खालपर्यंत. चहा निवला.

"सगळ्यांची सारखीच आहेत," ते म्हणाले. आपल्याशीच म्हणाल्यासारखं.

"व्हय."

त्यांनी रविवारची यादी पुढं ओढली. "आणि ही एक? शिवांजली?"

"ती खरीच मागं हाय. त्ये आमी लपवलं न्हाई. तिला काल 'मीठ' वाचाय आलं."

साहेबांनी चष्मा काढला. "मी हे शिफारशीसह वर पाठवतो. माझ्या शेऱ्यासकट पाठवतो. हे बघायला हवं होतं, मान्य आहे."

बाईंचा चेहरा उजळला. त्या उठायला लागल्या. रंगुबाईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना परत बसवलं, आणि स्वतःही पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसली, पदर सारखा करून, कुठंही जायची घाई नसल्यासारखी.

"तुमी बगितलं, लय झालं, साहेब. पन वर म्हंजी कुठं, आनि तितनं खाली कवा येतंय, ह्ये मला म्हाईत न्हाई. ट्येम्पो परवा हाय. बंद करायचं पत्र तुमच्या सहीनं आलं हुतं, त्याला वर जावं लागलं न्हवतं. मग चालू ठेवायला वर का जावं लागतंय?" तिनं टेबलावरचं पेन उचलून त्यांच्यापुढं ठेवलं. "सोमवारी सकाळी ही सव्वीस पोरं शाळेत का मेंढरामागं? व्हय म्हना, न्हाई म्हना. पन आज म्हना, आनि लिवून द्या."